मिठागराच्या तांबड्या पाण्यातले विषाणू

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी गरम पाण्याचे झरे धरले. कोकणात ते साहजिकच आहे. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून खाली राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर अशी झऱ्यांची रांगच आहे, त्यातले तुरळ-राजवाडीचे तर मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी कडेला. शिवाय झऱ्यांतल्या त्या जिवाणूंना मान मोठा. थॉमस ब्रॉक यांना 1966 साली यलोस्टोनच्या झऱ्यात सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, उभं राहिलं, हे वाक्य प्रत्येकाच्या प्रस्तावनेत असतंच. मला अडचण दिसत होती ती विजेची. 65 अंशांवर रात्रंदिवस इन्क्युबेटर चालवायचा आणि वादळी वाऱ्यात आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

माझं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. शिरोड्याची मिठागरं लहानपणापासून बघितलेली. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकातही होतं. उन्हाळ्यात तिथल्या काही वाफ्यांचं पाणी तांबूस होतं, हेही माहीत होतं. ते लाल रंगाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव वाढवून बघावेत असं मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते सगळेच काढतात गं. तू त्यांच्यावरचे विषाणू काढ."

सूक्ष्मजीवांनाही विषाणू होतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राबाहेरच्या लोकांना सांगितलं की अजून आश्चर्य वाटतं. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये आणि फेलिक्स डी'हेरेल यांनी 1917 मध्ये ते दाखवून दिलं, बॅक्टेरिओफेज (थोडक्यात फेज) हे नावही डी'हेरेल यांचंच. 1920 च्या दशकात ते पटकीवर फेजचा प्रयोग करायला भारतातही आले होते. मिठागरातले लाल जीव मात्र बॅक्टेरिया नव्हेत. कार्ल वूज यांनी 1977 मध्ये जो वेगळा गट मांडला आणि ज्याला आता आर्किया म्हणतात, त्यातले ते. पेनिसिलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, कारण पेनिसिलिन जिवाणूंच्या ज्या भिंतीवर घाव घालतं ती भिंतच यांच्याकडे नसते.

पहिली खेप मार्चमध्ये टाकली. आगरावरच्या काकांनी लांबूनच विचारलं, "ह्या पाणी घेवन काय करतलंस गो चेडवा?" तपासायला नेतेय म्हटल्यावर त्यांना वाटलं मी सरकारकडून आलेय. घरचं नाव सांगितलं, कोणाची कोण ते जुळलं, मग काम सोपं झालं. आगर कसं चालतं ते मला त्यांनीच शिकवलं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू द्यायचं. मीठ धरल्यावर उरणारं कडू पाणी वेळेत काढून टाकायचं, नाहीतर त्यातलं मॅग्नेशियम मिठात उतरतं आणि मीठ ओल धरतं.

माझ्याकडे बोमे हायड्रोमीटर होता, पाणी किती खारट-दाट आहे ते तरंगून दाखवणारा. समुद्राचं पाणी त्यावर साडेतीनच्या आसपास दाखवतं, मीठ पंचविसाला बसायला लागतं. मी काचेच्या उंच भांड्यात पाणी घेऊन हायड्रोमीटर तरंगवायची, डोळे पातळीत आणून आकडा वाचायची. काका बाजूला उभे राहून आधीच आकडा सांगायचे, आणि बहुतेक वेळा एखाद्या अंशाच्या आतबाहेर असायचे. त्यांचा हायड्रोमीटर म्हणजे रंग. "पाणी तांबडा झाला काय मीठ बसतला समजायचा." हे नुसतं निरीक्षण नाही. त्या लाल रंगद्रव्यामुळे पाणी ऊन जास्त शोषतं, तापतं आणि बाष्पीभवन वाढतं. म्हणजे हे जीव मीठ पिकवायला हातभारच लावत असतात.

प्रयोगशाळेत आल्यावर खरी गंमत सुरू झाली. या जिवांचं माध्यम, म्हणजे त्यांना वाढवायचं खाद्य, बनवायचं म्हणजे एक लिटर पाण्यात 250 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, थोडं पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन. पेप्टोन कुठलंही चालत नाही. काही पेप्टोनमध्ये पित्ताम्लांचा अंश असतो आणि त्यात हे आर्किया विरघळून जातात. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आमचे महिनाभराचे हाल वाचले. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, एखादी बाटली उतू गेली की आत मिठाचे पांढरे पापुद्रे बसायचे. आमचे लॅबमधले मामा त्यामुळे माझ्यावर कायम नाराज. "तुझ्या मिठान माझो कुकर खाल्लो," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

इतकं मीठ असलं की साध्या साध्या गोष्टी वेगळ्या वागतात. पिपेटच्या टोकाला थेंब राहिला तर जेवून येईपर्यंत तिथे खडा तयार. प्लेटा उघड्या ठेवल्या तर जेलीवर मिठाचे चौकोनी स्फटिक उगवतात, आणि नवख्या माणसाला त्या जिवांच्या वसाहतीच वाटतात. म्हणून प्लेटा पिशव्यांत गुंडाळून ठेवायच्या आणि वाट बघायची. ई. कोलाय रात्रीत उगवतो. यांना एक-दोन आठवडे सहज लागतात. एक सोय मात्र झाली. यांना 37 ते 40 अंश आवडतात, आणि एप्रिल-मेमध्ये आमची लॅब तशीही त्याच्या जवळपासच असते. लाइट गेली तरी मी निर्धास्त.

वसाहती आल्या त्या आधी फिक्या गुलाबी, मग विटकरी. रंग बॅक्टेरिओरुबेरिनचा, उन्हापासून संरक्षण देणारा. काही जातींकडे त्याशिवाय बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं. सूर्यप्रकाश पडला की ते प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं आणि त्यातून पेशी ऊर्जा मिळवते. दाट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो, तेव्हा ही सोय त्यांना उपयोगी पडते. पेशींच्या आत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरलेलं असतं, बाहेरच्या मिठाच्या तोडीस तोड. त्यामुळे त्यांची सगळी प्रथिनं खारट परिस्थितीसाठीच घडलेली आहेत. बाहेरचं मीठ कमी झालं की प्रथिनांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलायला लागतात, घडी मोडते, पेशीचं आवरण सुटतं.

हे पुस्तकात वाचणं वेगळं. काचपट्टीवर एक थेंब कल्चर (वाढवलेले जीव असलेलं पाणी), वर कव्हरस्लिप, समोर लांबट काड्या हलतायत. कडेला डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब सोडला. पाणी कव्हरस्लिपखाली शिरत गेलं तशी एका बाजूने काड्यांची आधी गोळी झाली, मग ती फुगली आणि मग तिथे काहीच उरलं नाही. नजरेसमोर ती सीमा सरकत गेली, अलीकडे जिवंत पेशी आणि पलीकडे नुसतं पाणी. याच कारणाने जिवाणू रंगवून बघायची नेहमीची ग्रॅम स्टेनिंगची पद्धत इथे चालत नाही. पाण्याने धुतलं की धुण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही. 1955 साली दुसॉ यांनी सुचवलेली रीत वापरायची: आधी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये पेशी पक्क्या करायच्या, मग रंग.

विषाणू शोधायची रीत तशी जुनीच आहे. आगराचं पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून काढायचं, म्हणजे पेशी वर राहतात आणि विषाणू खाली उतरतात. ते पाणी वाढत्या कल्चरमध्ये घालून काही दिवस हलवत ठेवायचं. मग मऊ अगार जेली कल्चरसकट प्लेटवर ओतायची. पेशींचा लाल गालिचा तयार होतो, आणि जिथे विषाणूने पेशी फोडल्या तिथे त्याला भोक पडतं. फरक एवढाच की सगळं मिठातच करायचं. दहापट, शंभरपट पातळ करतानासुद्धा 25 टक्के मिठाचंच पाणी. सवयीने नॉर्मल सलाइनची, म्हणजे अगदी कमी मिठाच्या पाण्याची, बाटली उचलली की संपलं, म्हणून मी माझ्या टेबलावर ती येऊच दिली नाही.

सुरुवातीच्या प्लेटांवर काही दिसलं नाही. लाल गालिचा अखंड. मला वाटलं या पाण्यात विषाणू नाहीतच. पण तसं असणं शक्य नव्हतं. स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरांवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने झालेल्या अभ्यासात दिसलंय की सर्वांत खारट वाफ्यांमध्ये पेशी खाणारे एकपेशीय प्राणी उरतच नाहीत. तिथे पेशी मारणारं कोणी असेल तर ते विषाणूच. मिलिलिटरमागे कोट्यवधी. मग आमच्याकडचे गेले कुठे?

मॅडमनी मला जमैकातल्या कामाबद्दल सांगितलं. तिथे पावसाने पातळ होणाऱ्या आणि उन्हाने आटणाऱ्या खाऱ्या डबक्यांमधल्या फेजवर 1980 च्या दशकात अभ्यास झाला होता. त्यातून पुढे आलेली कल्पना अशी: पाणी मिठाने काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा विषाणू पेशीला मारायची घाई करत नाही, तिच्यात नांदत राहतो. पाऊस पडून पाणी पातळ झालं की ती पेशी तशीही जगणार नसते, तेव्हा तो तिला फोडून बाहेर पडतो. हे ऐकल्यावर मला जमैकापेक्षा आमचा मे महिनाच डोळ्यांसमोर आला. असं डबकं आणि असा पाऊस आमच्याकडे दरवर्षी ठरलेला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आगरावर सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. पाऊस मला हवा होता आणि काकांना नको होता, त्यामुळे मी तोंड मिटून होते. वळीव आला तो संध्याकाळी, चांगला दणकून. सकाळी पोचले तेव्हा काका एका वाफ्याच्या बांधाला बोटभर खाच पाडत होते. मला वाटलं सगळं पाणी सोडून देतायत. पण नाही, ते फक्त वरचं पाणी काढत होते. मिठाचं पाणी जड, पावसाचं हलकं. वारा नसला तर पावसाचं पाणी बराच वेळ वरच तरंगतं. ते सावकाश वाहून जाऊ दिलं तर खालचा पाक वाचतो. हे मला कुठल्या पेपरात मिळालं नसतं. मी पटकन सिरिंजला नळी लावली, वरच्या दोन बोटांमधलं पाणी वेगळं घेतलं आणि तळाचं वेगळं. तळाचं अजून तांबडं होतं, वरचं फिकट, चहाच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतल्यासारखं. काकांनी एवढंच म्हटलं, "आणि एक पावस पडलो काय सगळा गेला."

तळाच्या पाण्याच्या प्लेटांवर भोकं अगदी तुरळक आली. वरच्या पाण्याच्या प्लेटांवर भरपूर. टाचणीच्या डोक्याएवढी, कडा धूसर, लाल गालिच्यावर नीट उठून दिसणारी. मी त्याच संध्याकाळी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. आईने विचारलं हे बुरशी आल्यासारखं काय आहे.

मॅडमना मात्र घाई नव्हती. त्यांचा प्रश्न सरळ होता: वरच्या थरातल्या पेशी नुसत्या पावसाच्या पाण्यानेच फुटल्या असतील, आणि आत असलेले विषाणू आपोआप बाहेर सांडले असतील. यात विषाणूने काही "केलं" हे कशावरून? प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर आगरावर मिळण्यासारखं नव्हतं.

म्हणून लॅबमध्ये दोन मिठांवर प्रयोग लावला. एक 25 टक्के, दुसरं 18 टक्के. अठराला या पेशी रमत नाहीत, पण फुटतही नाहीत, हे आधी तपासून घेतलं. दोन्ही मिठांमध्ये एक फ्लास्क विषाणूसकट आणि एक विषाणूशिवाय. पेशी किती दाट आहेत ते कलरीमीटरवर, म्हणजे द्रव किती प्रकाश अडवतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचं. त्यातही एक मेख आहे: लाल रंगद्रव्य स्वतःच 500 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून 660 चा फिल्टर घेतला, नाहीतर पेशी मोजतोय की रंग हेच कळलं नसतं.

विषाणू नसलेले दोन्ही फ्लास्क गढूळ राहिले. पंचवीस टक्क्यांतला विषाणू घातलेलाही गढूळच राहिला, थोडा मंद वाढला इतकंच. अठरा टक्क्यांतला विषाणू घातलेला मात्र हळूहळू निवळत गेला. फ्लास्क उजेडाकडे धरला की पलीकडची खिडकी दिसायला लागली, आणि तळाशी पेशींच्या फुटक्या अवशेषांचे चिकट धागे. पुन्हा लावला तरी तेच. नुसतं मीठ कमी झाल्याने पेशी मरत नव्हत्या. मीठ कमी आणि विषाणू हजर, असं दोन्ही जुळलं तरच. अर्थात हा एक विषाणू आणि एक यजमान. दुसऱ्या वाफ्यातला दुसरा विषाणू वेगळा वागला तर मला नवल वाटणार नाही. प्रबंधात मी तसंच लिहिलं, आणि त्यातला "सर्वत्र" हा शब्द मॅडमनी खोडायच्या आधी मीच खोडला होता.

विषाणूचा चेहरा बघायची हौस मात्र अर्धवट राहिली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आमच्याकडे नाही, नमुना बाहेर पाठवायचा होता. त्यासाठी नमुन्यातलं मीठ काढून टाकावं लागतं, नाहीतर नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर स्फटिकच स्फटिक दिसतात. आणि मीठ काढलं की आमचा विषाणू टिकत नव्हता. थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवून पुन्हा मिठात आणला तर प्लेटवर एकही भोक पडत नसे. मीठ थोडंच कमी करून नमुना पाठवला. परत आलेल्या फोटोंमध्ये मिठाचे मोठमोठे ठोकळे, आणि एका कोपऱ्यात काहीतरी गोलसर, शेपूट आहे की सावली ते सांगता येईना. तो फोटो मी प्रबंधात घातला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच मागितला. मोबाइलवर दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "हे सोडियम क्लोराइड फार छान आलंय."

परीक्षा झाल्यावर एकदा वेंगुर्ल्याच्या बाजारात सुक्या मासळीवाल्या काकींकडे गेले होते. त्यांच्या टोपलीत खारवलेल्या बांगड्यांवर गुलाबी झाक आलेली. ती बघून मी इतकी खूश झाले की त्यांना काही कळेना. हे तेच जीव, मिठातून माशावर आलेले. उन्हात आटवलेल्या समुद्राच्या मिठाबरोबर ते येतात, स्फटिकाच्या आत अडकलेल्या खाऱ्या थेंबांमध्ये दीर्घकाळ तग धरतात, आणि दमट हवेत खाऱ्या माशावर पुन्हा वाढतात. कॅनडातल्या खारवलेल्या कॉड माशांवरच्या अशा लालीवर 1922 मध्येच अभ्यास झालेला आहे. मी काकींना सांगितलं की या जिवांमुळे माणसाला आजार होत नाही, आपल्या अंगात त्यांना पुरेल एवढं मीठच नाही. पण ते माशाची प्रथिनं खातात, वास सुटतो, मांस मऊ पडतं, तेव्हा लाल पडलेला मासा ठेवणीतला नव्हे. आणि गोड्या पाण्यात टाकला की हे जीव फुटून मरतात.

"गोड्या पाण्यान मरतत मां?" काकी म्हणाल्या. "मगे आमी काय खारटासकट खातंव? धुवनच रांदतंव."

आणि तेच बांगडे मला पूर्ण भावाने लावले.